पंचगंगा घाटावरील आलमगीर मशीद : एक वास्तू कशी वाचावी?

मशिदीची वास्तुरचना म्हटली की पाठ्यपुस्तकात बहुधा इस्तंबूलचे चित्र असते : एक प्रचंड घुमट आणि बाजूला टोकदार मिनार. हा उस्मानी तुर्कांचा नमुना झाला. भारतातील मशीद वेगळी का दिसते, हे या पाठात आपण वाराणसीच्या पंचगंगा घाटावरील आलमगीर मशिदीच्या आधारे पाहू. स्थानिक लोक तिला धरहरा मशीद किंवा ‘बेनीमाधव का धरहरा’ म्हणतात. धरहरा म्हणजे उंच मनोरा.

१. दिशा

मशिदीची मांडणी किब्ल्यावरून, म्हणजे मक्केच्या दिशेवरून ठरते. भारतात ही दिशा साधारणपणे पश्चिम. म्हणून मिहराब हा कोनाडा पश्चिमेच्या भिंतीत असतो आणि प्रार्थनादालनाचे तोंड पूर्वेला उघडते. वाराणसीत गंगा उत्तरेकडे वाहते आणि घाट तिच्या पश्चिम काठावर आहेत. त्यामुळे या मशिदीचा दर्शनी भाग आपोआपच नदीकडे वळला आहे. पाहायला जाल तेव्हा आधी नावेतून पाहा. उंच जोत्यावरील तीन घुमट आणि त्यांच्या पायाशी उतरणाऱ्या घाटाच्या पायऱ्या एका नजरेत येतात.

२. घुमट आणि भार

चौकोनी दालनावर गोल घुमट बसवायचा तर कोपऱ्यांचे काय करायचे, हा सर्वच स्थपतींपुढचा प्रश्न. एक उपाय म्हणजे कोपऱ्यांत आडव्या कमानी घालणे, दुसरा म्हणजे वक्र त्रिकोणी भाग बांधणे. उस्मानी स्थपती सिनान याने इस्तंबूलच्या सुलेमानिये मशिदीत (१५५०–१५५७) सुमारे २६ मीटर व्यासाचा घुमट चार खांबांवर तोलला आणि त्याचा रेटा दोन बाजूंच्या अर्धघुमटांकडे वळवला. एकाच छताखाली जास्तीत जास्त मोकळी जागा मिळवणे हा त्यामागचा उद्देश.

मुघल पद्धतीत दालन लांबट आणि कमी खोलीचे असते. त्याचे तीन चौक पाडून प्रत्येकावर एक घुमट येतो, मधला सर्वांत मोठा. बाकीचा समुदाय समोरच्या अंगणात, आकाशाखाली बसतो. आलमगीर मशीद याच पद्धतीची आहे.

३. मिनार

उस्मानी मिनार सडपातळ असून त्याचा माथा शिशाने मढवलेल्या शंकूसारखा असतो. मुघल मिनार वर निमुळता होत जातो व माथ्यावर छोटी छत्री येते. आलमगीर मशिदीचे दोन मिनार कितीतरी काळ या शहराची खूण होते. बनारसच्या टांकसाळीत १८२० ते १८३० या काळात काम करणाऱ्या जेम्स प्रिन्सेप यांनी त्यांची दुरुस्ती केली आणि शहराची चित्रेही काढली. १९४८ मध्ये एक मिनार कोसळला. दुसराही पुढे सुरक्षिततेसाठी उतरवण्यात आला. आज नावात धरहरा आहे, इमारतीवर नाही. त्यामुळे जुनी चित्रे हीच त्याची मुख्य साक्ष ठरतात.

४. जागेचा इतिहास

फ्रेंच प्रवासी ताव्हर्निये १६६५ मध्ये येथे आला, तेव्हा या ठिकाणी बिंदुमाधवाचे भव्य मंदिर होते. त्याचा आराखडा समान भुजांच्या फुलीसारखा होता, असे वर्णन त्याने केले आहे. औरंगजेबाच्या काळात ते मंदिर पाडले गेले आणि मशीद उभी राहिली. सध्याचे बिंदुमाधव मंदिर जवळच, साध्या घरासारख्या इमारतीत आहे. ते औंधच्या पंतप्रतिनिधींनी बांधले. याच घाटावर अहिल्याबाई होळकरांनी उभारलेली दगडी दीपमाळ आहे. मशिदीच्या लोकनामात मात्र माधवाचे नाव टिकून आहे.

येथे अभ्यासकाची कसोटी लागते. मंदिर पाडल्याचे सत्य झाकून केवळ घुमटांचे कौतुक करणे अपुरे आहे. तसेच त्या घटनेपुढे समोरच्या इमारतीची रचना पाहायचीच नाही, हेही अपुरे. ‘काय दिसते’, ‘काय होते’ आणि ‘मला काय वाटते’ हे तीन रकाने वहीत वेगळे ठेवा. वाद होतो तो बहुधा हे रकाने एकमेकांत मिसळल्याने.

५. भेटीच्या वेळी

ही मशीद भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे संरक्षित स्मारक आहे. नमाजाच्या वेळा टाळा, पादत्राणे बाहेर काढा, छायाचित्रापूर्वी तेथील माणसांना विचारा.

स्वाध्याय

१. भारतातील मशिदीचे दालन पूर्वेकडे का उघडते? इस्तंबूलमध्ये मक्का आग्नेयेला येते. तेथे मांडणी कशी बदलेल?
२. एक मोठा घुमट आणि तीन घुमट यांतील भाराच्या वाटणीची आकृती काढा.
३. तुमच्या गावातील एका जुन्या वास्तूसाठी वरील तीन रकाने भरा.