अपील दाखल झाले, पण ताबा थांबला का?

बेलीफ येतो तेव्हा फार गाजावाजा नसतो. हातात न्यायालयाचे ताबा वॉरंट, सोबत घरमालक, दोन पंच, आणि कुलूप तोडायची वेळ आलीच तर एक कारागीर. मालाची यादी होते, पंचनामा लिहिला जातो, शटर खाली येते आणि नवे कुलूप लागते. भाडेकरू हातातला कागद पुढे करून सांगत राहतो, ‘साहेब, अपील टाकलं आहे ना आम्ही!’ बेलीफ कागद वाचतो. त्यावर अपिलाचा क्रमांक असतो, पण स्थगितीचा आदेश कुठेच नसतो. मग तो पंचनामा पुढे लिहू लागतो.

दुकान किंवा घर रिकामे करण्याचा निकाल विरोधात गेलेल्या माणसाची सर्वांत महागात पडणारी समजूत हीच: अपील केले की ताबा आपोआप थांबतो. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 41, नियम 5 मध्ये नेमके उलटे लिहिले आहे. केवळ अपील केल्याने हुकूमनाम्याची अंमलबजावणी थांबत नाही. स्थगिती वेगळी मागावी लागते आणि बहुतेक वेळा तिच्यासाठी पैसे भरावे लागतात.

यवतमाळच्या जुन्या व्यापाऱ्यांना हे प्रकरण वेगळे आठवत असेल. विदर्भात 1949 चा सी.पी. अँड बेरार भाडे नियंत्रण आदेश लागू होता. भाडेकरूला घर सोडण्याची नोटीस द्यायची तरी घरमालकाला आधी रेंट कंट्रोलरची लेखी परवानगी लागे, आणि निम्मी लढाई महसूल कचेरीतच होई. 31 मार्च 2000 पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 आला आणि ती पायरी गेली. आता यवतमाळसारख्या जिल्ह्यात दावा थेट दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर यांच्यापुढे चालतो. त्या निकालावर कलम 34 खाली जिल्हा न्यायालयात अपील करता येते. पुसद, दारव्हा आणि पांढरकवड्यालाही जिल्हा न्यायाधीश बसतात, त्यामुळे उमरखेडच्या किंवा झरीच्या माणसाला प्रत्येक तारखेला यवतमाळ गाठावे लागेलच असे नाही. त्यापुढे दुसरे अपील नाही. नागपूर खंडपीठात जाता येते, पण तिथे साक्षीपुरावा नव्याने तपासला जाईल अशी आशा ठेवू नये.

अपिलाची मुदत निकालाच्या तारखेपासून 30 दिवसांची. निकालाची प्रमाणित नक्कल मिळायला लागलेले दिवस त्यातून वजा होतात, पण नकलेचा अर्ज दिल्याच्या तारखेपासूनचेच. निकाल लागल्यावर पंधरा दिवस घरात चर्चा करून मग अर्ज देणाऱ्याचे ते पंधरा दिवस गेलेच. मुदत टळली तर उशीर माफ करण्याचा अर्ज करता येतो. मात्र तो मंजूर होऊन अपील ऐकायचे ठरेपर्यंत न्यायालय स्थगिती देत नाही, आणि नेमक्या त्याच फटीत बेलीफ येतो. निकालानंतर दोन वर्षांच्या आत घरमालकाने दरखास्त दाखल केली, तर वॉरंट काढण्यापूर्वी भाडेकरूला पुन्हा नोटीस देण्याचे बंधनही साधारणपणे नसते.

अपील तयार व्हायला वेळ लागणार असेल, तर ज्या न्यायालयाने निकाल दिला तिथेच, मुदत संपण्याआधी, तात्पुरती स्थगिती मागता येते. हा अर्ज फार कमी लोक वेळेवर करतात, याचे मला वाईट वाटते. कायद्याने दिलेली ही सवड अनेकांना ताबा गेल्यावर कळते.

स्थगितीसाठी न्यायालय तीन गोष्टी पाहते. ती न दिल्यास अर्जदाराचे मोठे नुकसान होईल का? अर्ज विनाकारण उशिराने आला आहे का? आणि शेवटी हुकूमनामा पाळावा लागला तर त्यासाठी तारण दिले आहे का? हे तारण रोख अनामत असू शकते, बँक गॅरंटी असू शकते किंवा जामीनदाराचा जामीनकतबा असू शकतो. जामीनदार उभा करायचा तर त्याची ऐपत दाखवावी लागते. त्यासाठी तहसीलचा ऐपतीचा दाखला, सातबारा, घराची कागदपत्रे जोडतात. जामीनदाराने इथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी. भाडेकरू हरला आणि पैसे भरले नाहीत, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 145 खाली तीच वसुली जामीनदाराने दिलेल्या हमीइतकी त्याच्यावर निघते. मित्रासाठी सही करताना हे कुणी सांगत नाही.

भाडेकरूला खरा धक्का बसतो तो रकमेचा. दत्त चौकाजवळ एक जुने दुकान आहे असे उदाहरणापुरते धरू. भाडे महिना 1,500 रुपये. शेजारचा तेवढाच गाळा आज 12,000 ला जातो. भाडेकरू समजतो, 1,500 भरत राहिलो की झाले. न्यायालय म्हणू शकते, निकालाच्या तारखेपासून महिना 12,000 भरा. स्थगितीचा आदेश चार महिन्यांनी झाला तर पहिल्याच दिवशी 48,000 रुपये उभे करायचे. अपील दोन वर्षे चालले तर आकडा 2,88,000.

हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने 2004 मध्ये आत्माराम प्रॉपर्टीज खटल्यात सांगितले. दिल्लीतल्या त्या जागेचे भाडे होते 371 रुपये 90 पैसे. स्थगिती हवी असेल तर महिना 15,000 भरा, ही अट न्यायालयाने योग्य ठरवली. पाच वर्षांनी, ऑगस्ट 2009 मध्ये, हाच प्रश्न महाराष्ट्रातून गेला आणि या वेळी भाडेकरू होते खुद्द राज्य सरकार. सुपरमॅक्स इंटरनॅशनल विरुद्धच्या त्या खटल्यात मुंबईतल्या जागेचे भाडे महिना सव्वापाच हजारांच्या आसपास होते आणि उच्च न्यायालयाने स्थगितीसाठी महिना 5 लाख 40 हजार भरायला सांगितले होते. सर्वोच्च न्यायालयाने ती अट कायम ठेवली. सरकारलाच सवलत मिळाली नाही, तिथे सामान्य दुकानदाराने जुन्या भाड्यावर विसंबू नये.

मला ही अट न्याय्य वाटते. घर भाड्याने देऊन त्यावर म्हातारपण काढणारी विधवाही घरमालकच असते. दावा जिंकूनही तिने वर्षानुवर्षे पंधराशे रुपये घेत बसावे हे बरोबर नाही. पण सुपरमॅक्सच्या याच निकालाने भाडेकरूचेही रक्षण केले आहे. रक्कम अवाजवी किंवा शिक्षा केल्यासारखी नसावी, असे न्यायालयाने बजावले. करारातल्या भाड्यावरची जादा रक्कम सहसा घरमालकाला लगेच द्यायची नाही, ती न्यायालयात राहावी आणि शेवटी व्याजासह जिंकणाऱ्याला मिळावी, असेही सांगितले. म्हणून रक्कम ठरण्याच्या तारखेला रिकाम्या हाताने जाऊ नये. रेडी रेकनरचा दर, आजूबाजूच्या गाळ्यांचे नोंदणीकृत करार, जागा आतल्या गल्लीत असेल तर तिचे फोटो, हे दोन्ही बाजूंनी न्यावे. कागद नसले की आकडा अंदाजाने पडतो, आणि तो अंदाज कुणालाच मान्य होत नाही.

हप्ता चुकला तर स्थगिती उठू शकते, पण अपील संपत नाही. ताबा गेल्यावरही ते चालवता येते आणि जिंकल्यास त्याच संहितेच्या कलम 144 खाली जागा परत मागता येते. घरमालकाच्या हातीही एक उपाय आहे: कॅव्हेट. निकाल बाजूने लागताच अपील न्यायालयात ते दाखल केले, तर 90 दिवस त्याला नोटीस दिल्याशिवाय स्थगितीच्या अर्जावर सुनावणी होत नाही.

लिव्ह अँड लायसन्सच्या घराची वाट मात्र निराळी आहे. तिथे सक्षम प्राधिकाऱ्याच्या आदेशावर अपील नसते, 90 दिवसांत पुनरीक्षण अर्ज असतो.

वकिलाची फी परवडत नाही म्हणून 30 दिवस घरी बसून काढू नका. प्रत्येक जिल्ह्यात विधी सेवा प्राधिकरण आहे. महिला आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता तिथून मोफत वकील मिळतो. जाताना निकालाची नक्कल, नकलेचा अर्ज दिल्याची तारीख आणि भाड्याच्या पावत्या बरोबर न्या.