बाँग कू : दिल्लीत खेळता न आलेली राणी

बॉलिंग म्हटलं की आपल्याला फक्त क्रिकेट आठवतं. फिलिपिन्समध्ये हा शब्द काढला, की जुनी माणसं हमखास बाँग कूचं नाव घेतात. मूळ नाव ओलिव्हिया. 1978 च्या बँकॉक एशियाडमध्ये टेनपिन बॉलिंग (चेंडू घरंगळवून दहा पिना पाडायचा खेळ) पहिल्यांदाच आलं आणि तिने सुवर्ण जिंकलं. पुढच्याच वर्षी मायदेशी, मनिलात, ती विश्वविजेती झाली, तीही 'ऑल-इव्हेंट्स'मध्ये. म्हणजे सगळ्या प्रकारांतल्या गुणांची बेरीज. एका दिवसाच्या नशिबावर ते मिळत नाही! ऐन भरात असताना 1982 च्या दिल्ली एशियाडमधून मात्र हा खेळच वगळला गेला. 1986 ला सोलमध्ये तो परतला, आणि बाँगने पुन्हा सुवर्ण नेलं. पुढे ती फिलिपिन्सच्या क्रीडा आयोगावरही आली.