एरियान प्रक्षेपक : रचना, वाटचाल आणि भारत

१. प्रास्ताविक

लातूर जिल्ह्यातील मुरुडसारख्या गावात घरांच्या गच्च्यांवर आणि पत्र्यांवर बसविलेल्या छत्र्या आपण पाहिल्या असतील. डीडी फ्री डिशची प्रत्येक छत्री आग्नेयेकडे तोंड करून असते. तिच्याकडे कार्यक्रम पाठविणारा जीसॅट-१५ हा उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर आहे. पृथ्वीच्या फिरण्याशी त्याची गती जुळलेली असल्यामुळे आपल्याला तो एकाच जागी स्थिर असल्यासारखा असतो. या कक्षेला भूस्थिर कक्षा म्हणतात.

हा उपग्रह भारतात तयार झाला. नोव्हेंबर २०१५ मध्ये त्याला अंतराळात नेले ते मात्र ‘एरियान-५’ या युरोपीय प्रक्षेपकाने. उपग्रह आपला आणि वाहन दुसऱ्याचे, असे का घडले? या व्यवहारातून भारताला नेमके काय मिळाले? हे दोन प्रश्न समोर ठेवून आपण एरियानची रचना व वाटचाल समजून घेऊ.

२. गरजेतून झालेला जन्म

१९६० च्या दशकात युरोपीय देशांनी ‘युरोपा’ नावाचा प्रक्षेपक बांधण्याचा प्रयत्न केला. त्याचा पहिला टप्पा ब्रिटनचा, दुसरा फ्रान्सचा आणि तिसरा जर्मनीचा होता. या सर्वांची नीट सांगड घालणारी समर्थ यंत्रणा मात्र नव्हती. युरोपाला एकही उपग्रह कक्षेत पोहोचविता आला नाही.

पुढे फ्रान्स व जर्मनी यांनी ‘सिंफनी’ हे दळणवळण उपग्रह तयार केले. ते अमेरिकी प्रक्षेपकाने सोडावे लागले आणि त्यांचा व्यापारी उपयोग करायचा नाही, अशी अट अमेरिकेने घातली. ज्याच्या हाती वाहन, त्याच्या हाती परवानगी, हे युरोपला यातून उमगले. १९७३ मध्ये फ्रान्सच्या पुढाकाराने नव्या प्रक्षेपकाचा निर्णय झाला. त्याला ग्रीक पुराणकथेतील ॲरिॲड्नी या राजकन्येचे फ्रेंच नाव मिळाले. भुलभुलैयातून बाहेर पडण्यासाठी नायकाच्या हाती सूत देणारी ती हीच.

३. रचना

एरियान-१ सुमारे ४७ मीटर उंच व २१० टन वजनाचा होता. त्याचे तीन टप्पे होते. पहिल्या टप्प्यात चार ‘व्हायकिंग’ इंजिने होती, दुसऱ्यात त्याच प्रकारचे एक इंजिन होते आणि तिसऱ्या टप्प्यात द्रवरूप हायड्रोजन व ऑक्सिजन वापरले जात.

टप्पे का करावे लागतात? प्रक्षेपकाच्या वजनाचा फार मोठा भाग इंधनाचाच असतो. इंधन संपल्यावर रिकाम्या टाक्या ओढत नेणे व्यर्थ ठरते. घाट चढणाऱ्या ट्रॅक्टरने रिकामी झालेली ट्रॉली वाटेतच सोडावी, तसे प्रत्येक टप्पा काम संपताच गळून पडतो आणि उरलेले वाहन हलके होते. प्रक्षेपणस्थळ दक्षिण अमेरिकेतील फ्रेंच गियानामध्ये, कुरू येथे आहे. ते विषुववृत्तापासून केवळ पाच अंशांवर असल्याने पृथ्वीच्या फिरण्याचा वेग प्रक्षेपकाला आयता मिळतो.

४. भारताशी नाते

२४ डिसेंबर १९७९ रोजी एरियानचे पहिले उड्डाण यशस्वी झाले. मे १९८० मधील दुसरे मात्र व्हायकिंग इंजिनातील ज्वलन अस्थिर झाल्याने फसले. तिसऱ्या चाचणी-उड्डाणात भारताच्या ‘ॲपल’ उपग्रहाला जागा मिळालेली होती. त्या वेळी पुण्यात जन्मलेले वसंत गोवारीकर विक्रम साराभाई अंतराळ केंद्राचे संचालक होते. भारताच्या एसएलव्ही-३ प्रक्षेपकाने जुलै १९८० मध्ये कक्षेत नेलेला रोहिणी उपग्रह ३५ किलोग्रॅमचा होता आणि ॲपलचे वजन सुमारे ६७० किलोग्रॅम होते. हे अंतर पाहिले म्हणजे परकीय वाहनाची गरज स्पष्ट होते. ॲपलच्या एका चाचणीसाठी सभोवती धातू नको होता, म्हणून तो बैलगाडीवर ठेवण्यात आला. १९ जून १९८१ रोजी एरियानने त्याला यशस्वीपणे अंतराळात नेले. पुढे इन्सॅट व जीसॅट मालिकांतील अनेक उपग्रह याच मार्गाने गेले.

याहून महत्त्वाची देवघेव आधीच सुरू झाली होती. १९७४ च्या करारानुसार भारतीय अभियंत्यांनी फ्रान्समध्ये व्हायकिंग इंजिनाच्या विकासकार्यात श्रम दिले आणि त्या बदल्यात तंत्रज्ञान मिळविले. नंबी नारायणन यांच्या नेतृत्वाखालील गटाने त्यावरून ‘विकास’ इंजिन घडविले. मुंबईच्या विक्रोळी येथील गोदरेजच्या कारखान्यात या इंजिनांची निर्मिती होते. पीएसएलव्हीच्या दुसऱ्या टप्प्यात एक आणि चांद्रयान-३ नेणाऱ्या एलव्हीएम-३ च्या गाभ्यात दोन विकास इंजिने असतात.

५. अपयशाचा धडा

एरियान-४ च्या ११६ उड्डाणांपैकी ११३ यशस्वी झाली. एरियान-५ चे पहिले उड्डाण मात्र ४ जून १९९६ रोजी चाळीस सेकंदांच्या आतच फसले. त्यात एरियान-४ साठी लिहिलेली आज्ञावली जशीच्या तशी घेतली होती. नव्या प्रक्षेपकाचा आडवा वेग आरंभीच जास्त होता. त्यामुळे ६४ बिटांतील एक संख्या १६ बिटांत मावली नाही, दिशादर्शक यंत्रणा बंद पडली आणि प्रक्षेपक भरकटून नष्ट झाला. आज्ञावली जुन्या वाहनासाठी अचूक होती. संदर्भ बदलल्यावर तीच घातक ठरली. भाषेच्या अभ्यासकांना ही गोष्ट अपरिचित वाटू नये.

६. समारोप

११७ उड्डाणांनंतर जुलै २०२३ मध्ये एरियान-५ निवृत्त झाला आणि एरियान-६ जुलै २०२४ मध्ये प्रथम उडाला. त्या काळात युरोपलाही स्वतःची ‘युक्लिड’ दुर्बीण अमेरिकी प्रक्षेपकावर सोपवावी लागली. भारतानेही ४,७०० किलोग्रॅमचा जीसॅट-एन२ नोव्हेंबर २०२४ मध्ये तसाच पाठविला. यावरून दिसते की स्वावलंबन एकदा मिळवून संपत नाही, ते सतत राखावे लागते. भाड्याच्या वाहनाने भारताला एकेक फेरी दिली, तर श्रम देऊन आत्मसात केलेल्या विद्येने कायमचे इंजिन दिले. एरियानच्या इतिहासातून आपण घ्यावयाचा मुख्य बोध हाच आहे.

स्वाध्याय

१. प्रक्षेपकाचे टप्पे का करतात, ते आपल्या परिसरातील उदाहरण देऊन स्पष्ट करा.

२. ‘ॲपल’ आणि ‘विकास’ यांतून भारताला मिळालेल्या लाभांतील फरक आपल्या शब्दांत लिहा.