जुन्या पिकअपचं बॉनेट रबर: काम छोटं, पण गॅप न मोजता हात लावू नका

या वेळच्या व्हिडिओत टाटामोबाइल २०६ वर आपण नवीन बॉनेट रबर बसवलं. व्हिडिओत हात दिसतात, पण मापं आणि हिशोब नीट सांगता येत नाहीत, म्हणून ते इथे लिहितोय. ज्यांना कार ॲक्सेसरीज, बीडिंग किंवा जुन्या गाड्यांच्या कामाचं दुकान टाकायचंय, त्यांनी हे शांतपणे वाचा.

२०६ ही गाडी १९८८ मध्ये आली. तिच्याच पायावर १९९१ मध्ये सिएरा निघाली. आता या गाड्या हौशी लोक परत उभ्या करतायत. काहींच्या वडिलांची गाडी असते, काही जण शोधून विकत घेतात. असं गिऱ्हाईक इंजिन, पेंट, सीट सगळं करून घेतं आणि रबराचा विषय शेवटी निघतो. तेव्हा ते तुमच्याकडे येतं आणि म्हणतं, "बॉनेटला रबर मारून द्या फक्त." या "फक्त" मध्येच सगळी गडबड आहे.

माझीच गोष्ट सांगतो. दुकानाचं पहिलं वर्ष होतं. बी.बी.ए. झालेलं, मार्जिन कसं काढायचं ते पाठ होतं, पण रबर कळत नव्हतं. एक काका २०६ घेऊन आले. माझ्याकडे दरवाज्याचं जाड बीडिंग पडून होतं, तेच बॉनेटच्या कडेने लावून दिलं. बॉनेट जरा जोर लावून बंद झालं. मला वाटलं, नवीन रबर आहे, चार दिवसांत बसेल. दोन दिवसांनी काकांचा खेड शिवापूरजवळून फोन. "अरे, बॉनेट उड्या मारतंय, पुढचं काही दिसेना म्हणून बाजूला घेतलीय." झालं असं, की रबर जाड असल्यामुळे मुख्य लॉक पूर्ण बसलंच नव्हतं. हायवेला हवेने बॉनेट उचललं आणि ते फक्त सेफ्टी हुकावर लटकत राहिलं. तो हुक गंजलेला असता तर बॉनेट थेट काचेवर आलं असतं. मी बाईक काढली, तिथे जाऊन रबर ओरबाडून काढलं. काका ओरडले नाहीत, उलट चहा पाजला. त्याचीच जास्त लाज वाटली.

तेव्हापासून माझ्या दुकानात नियम आहे: आधी बॉनेट, मग रबर.

बॉनेटचं रबर नक्की करतं काय, ते आधी समजून घ्या. पुढच्या आणि बाजूच्या कडेला ते पत्र्यावर पत्रा आपटू देत नाही. खडखड थांबते, पेंट टिकतो. मागची कड, म्हणजे काचेखालची, तिचं काम वेगळं आहे. बऱ्याच जुन्या पिकअपमध्ये केबिनमध्ये येणारी हवा काचेखालच्या जाळीतून आत जाते. मागचं रबर गेलेलं असेल, तर गाडी सिग्नलला उभी असताना इंजिनची गरम हवा आणि वास त्याच फटीतून वर येतो आणि ब्लोअर तो आत ओढतो. एखादा एक्झॉस्टचा जॉइंट लीक असेल, तर धूरही त्याच वाटेने येणार. म्हणून गिऱ्हाईक पुढच्या कडेसाठी आलं असलं, तरी मागची कड बघाच. पावसाळ्यात वायरिंगवर पडणारं पाणीही बऱ्याचदा तिथूनच येतं.

आता काम. जुनं रबर काढायच्या आधी फोटो घ्या. कुठे क्लिप आहे, कुठे चिकटवलंय, जोड कुठे आहे. काढलेलं रबर फेकू नका, काम संपेपर्यंत तोच तुमचा नकाशा आहे. जुनं सोल्यूशन प्लास्टिकच्या पट्टीने खरवडा, थिनर कापडावर घेऊन पुसा. नवीन पेंट असेल तर थिनर कोपऱ्यात लावून बघा, नाहीतर रबराच्या कामात पेंटचं बिल भरावं लागेल. गंज दिसला तर पॉलिश पेपर आणि प्रायमर. गंजावर चिकटवलेलं रबर गंजाच्या पापुद्र्यासकट निघून येतं.

मग रबर न लावता बॉनेट बंद करा. दोन्ही बाजूंचा गॅप सारखा आहे का? बिजागरीचे बोल्ट सैल करून बॉनेट सरकवता येतं, पुढचे रबरी स्टॉपर फिरवून उंची कमीजास्त होते, लॉकही वरखाली करता येतं. हे सगळं रबराच्या आधी. वाकडं बॉनेट जाड रबराने सरळ होत नाही.

गॅप मोजायला घरची कणीक वापरा. खरंच सांगतोय. कणकेच्या छोट्या गोळ्या प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून कडेने सहा-सात ठिकाणी ठेवा, बॉनेट लॉक होईपर्यंत हळू बंद करा, उघडा. चपटी झालेली गोळी व्हर्निअरने मोजा. समजा ९ मिमी आली. पोकळ किंवा स्पंजचं रबर बसल्यावर साधारण पाव ते एक तृतीयांश दबलं पाहिजे, म्हणजे तुम्हाला १२-१३ मिमीचं रबर लागेल. मी काकांना लावलेलं याच्या दीडपट होतं.

माल कुठला? बॉनेटसाठी ईपीडीएम मागा. ऊन, उष्णता, हवेतला ओझोन याला ते टिकतं. साधं रबर स्वस्त पडतं, पण त्याला लवकर भेगा पडतात. ईपीडीएमचा एक दोष म्हणजे तेल. ऑइल-डिझेल लागलं तर ते फुगतं, म्हणून इंजिनच्या अगदी जवळ जिथे ऑइल उडतं तिथे नायट्राइल बघा. आणि रबर सरकावं म्हणून ग्रीस लावायची सवय असेल तर सोडा, साबणाचं पाणी पुरतं. नाना पेठेत किंवा कोल्हापूरच्या उद्यमनगरात माल घ्यायला गेलात तर पाच सेंटिमीटरचा तुकडा मागून घ्या. दोन पट्ट्यांमध्ये रात्रभर आवळून ठेवा. सकाळी सोडल्यावर जो चपटाच राहिला, तो माल गाडीवरही चपटाच राहणार.

बसवताना सगळ्यात मोठी चूक म्हणजे ओढणं. रबर ताणून लावलं की काम सुबक दिसतं, पण काही दिवसांत ते आकसतं आणि टोकाला बोटभर फट पडते. ढकलत बसवा. एक सेंटिमीटर जास्त ठेवून कापा, जोड दाबून जुळवा. जोड पाणी साचणार नाही अशा जागी घ्या. सोल्यूशन दोन्ही बाजूंना पातळ लावायचं आणि बोटाला न चिकटण्याइतकं सुकू द्यायचं, मग दाबायचं. ओलं असताना चिकटवलं की ते सरकत राहतं. काचेखालची पाणी जायची भोकं रबराखाली झाकली जात नाहीत ना, एवढं डोळ्यांनी बघा.

शेवटी रबरावर खडू घासून बॉनेट बंद करा. पत्र्यावर जिथे खडू उमटला नाही, तिथे रबर टेकत नाही. लॉकचा "टक" आवाज एका हाताच्या साध्या दाबाने आला पाहिजे. लॉक झाल्यावर पुढची कड वर ओढून बघा, आणि सेफ्टी हुक स्वतंत्रपणे तपासा. या दोन गोष्टी मी गिऱ्हाईकाच्या समोर करतो.

आता पैशाचं. समजा रबर ७०० रुपये, सोल्यूशन-थिनर-पेपर १५०, आणि तीन तास काम, ताशी ३०० धरले तर ९००. झाले १७५०, आणि यात नफा अजून आलेलाच नाही. नवीन दुकानदार रबराचा भाव बघून १२०० सांगतो आणि ५५० खिशातले घालतो. गिऱ्हाईक म्हणेल, "मीटरला एवढंच तर पडतं." त्याला कणकेच्या गोळ्या दाखवा. मोजमाप बघितल्यावर घासाघीस बरीच कमी होते, हा माझा अनुभव.

हुबेहूब प्रोफाइल बनवून घ्यायच्या मोहात सुरुवातीला पडू नका. त्यासाठी डाय बनवावी लागते आणि कारखाना दहा मीटरसाठी मशीन लावत नाही. त्यापेक्षा प्रत्येक गाडीच्या रबराचा छोटा तुकडा, गाडीचं नाव आणि गॅप लिहून फळीवर लावत जा. माझ्याकडची ती फळी आता दुकानातली सगळ्यात कामाची वस्तू आहे. बाकी स्टॉक उन्हापासून आणि वेल्डिंग-मोटरपासून लांब ठेवा, जुना माल आधी काढा. रबर शेल्फवरही म्हातारं होतं.

काम दिल्यावर पंधरा दिवसांनी गाडी परत बोलवा, फुकट. लॉक आणि स्टॉपर एकदा बघायचे असतात, रबर थोडं बसलेलं असतं. ते काका अजून दर पावसाळ्याआधी येतात, आणि आले की आधी बॉनेट स्वतः ओढून बघतात.