बॅटरीचे बिऱ्हाड

सरकारी नोकराच्या बदलीचा हुकूम एका ओळीचा असतो. पण त्या एका ओळीमागून सारे बिऱ्हाड हलवावे लागते. मुलांची शाळा, शिधापत्रिका, दूधवाला, पोस्टाचा पत्ता, सगळेच नव्या गावी नव्याने लावून घ्यावे लागते. माणूस गेला आणि बिऱ्हाड मागे राहिले, तर त्याचे हाल कुत्रा खात नाही. मोटारीच्या बॅटरीची गोष्ट अशीच आहे. हौसेच्या किंवा शर्यतीच्या स्पोर्ट्‌स मोटारीचा मालक मिस्त्रीला एका वाक्यात सांगतो, "पुढची बॅटरी काढ आणि मागे डिकीत बसव." बॅटरी हलते, तिचे बिऱ्हाड पुष्कळदा जुन्याच जागी राहते. ते बिऱ्हाड म्हणजे काय आणि ते सुखरूप कसे हलवावे, एवढेच आम्हांस येथे सांगायचे आहे.

कामगार संघटनेचे काम करणाऱ्याने श्रीमंतांच्या खेळण्यावर का बोलावे, असे कोणी विचारील. आम्ही स्पोर्ट्‌स मोटार कधी बाळगली नाही, बाळगण्याची ऐपतही नाही. परंतु तिच्याखाली उताणे पडून काम करतात ते हात आमच्या सभासदांचे आहेत. आणि ती कोठे धडकली, तर पत्रा कापून माणूस बाहेर काढणारा अग्निशामक दलाचा जवानही कामगारच आहे. तेव्हा विषय परका नाही. आमचे शिक्षण गॅरेजच्या खड्ड्यात आणि उसन्या पुस्तकांत झाले. म्हणून जे सांगू ते साध्या शब्दांत सांगू.

प्रथम बॅटरी पुढे का असते ते पाहू. शिसे आणि गंधकाम्ल यांचा पुन्हा पुन्हा भरता येणारा विद्युतघट फ्रान्समधील गास्तों प्लान्ते यांनी १८५९ साली तयार केला. मोटारीत त्याला मानाची जागा मिळाली ती १९१२ साली, चार्ल्स केटरिंग यांचा विजेचा स्टार्टर अमेरिकेतील कॅडिलॅक गाडीला बसला तेव्हा. त्यापूर्वी हँडल मारून इंजिन चालू करावे लागे. स्टार्टर हा गाडीतील सर्वांत मोठा खादाड. लहान गाडीतही तो क्षणभर दीडशे-दोनशे अँपिअर प्रवाह ओढतो. म्हणून बॅटरी त्याच्या शेजारी ठेवणे सोयीचे झाले. या जागेबरोबर तिला आणखी चार गोष्टी फुकट मिळाल्या: आखूड तार, बॉनेटखालचा खेळता वारा, प्रवासी आणि बॅटरी यांमधील पोलादी पडदा, आणि सर्वांस ठाऊक असलेला पत्ता. हेच तिचे बिऱ्हाड.

मग ती हलवायची कशाला? कारण वजनाचे आहे. पुढे इंजिन असलेल्या गाडीचे नाक जड होते आणि वळणावर ती नाकाच्या दिशेने बाहेर ओढली जाते. ही गोष्ट कारखानदारही जाणतात. ब्रिटनमध्ये १९५९ साली निघालेल्या मिनी गाडीची बॅटरी डिकीत होती. १९६२ च्या एमजीबी या स्पोर्ट्‌स गाडीत सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या आसनांच्या मागे बसविलेल्या होत्या. जपानच्या माझ्दा कंपनीने १९८९ साली आणलेल्या एमएक्स-५ गाडीतही बॅटरी डिकीतच होती. उलट पोर्शे ९११ या गाडीचे इंजिन मागे. म्हणून १९६९ च्या सुमारास तिच्या दोन बॅटऱ्या पुढच्या मडगार्डांजवळ नेण्यात आल्या. तेव्हा बॅटरीची बदली ही काही चोरीछुपी गोष्ट नव्हे. फरक एवढाच की, कारखान्याने बदली केली तेव्हा बिऱ्हाडाचा विचार नकाशावरच झाला. आपण करतो तेव्हा तो आपणच करावयाचा असतो.

या बदलीने लाभ किती होतो, हेही हिशेबाने पाहावे. गाडी १००० किलोंची, दोन्ही आसांमधील अंतर २.३ मीटर, आणि १५ किलोंची बॅटरी २.५ मीटर मागे नेली असे धरू. पुढच्या चाकांवरचा भार सुमारे १६ किलोंनी उतरतो आणि तेवढाच मागच्या चाकांवर चढतो. पुढे शेकडा ५५ भार होता तो साडेत्रेपन्नच्या आत येतो. शर्यतीत एवढ्यालाही मोल आहे. पण गाडी यामुळे हलकी होते असा जो समज आहे तो खोटा. लांब तार, पेटी, पट्ट्या मिळून तीन-चार किलो वजन वाढतेच. ज्याला वजनच घटवायचे आहे त्याने आहे त्याच जागी लहान बॅटरी बसवावी. त्यात पैसाही कमी आणि धोकाही कमी.

आता बिऱ्हाड हलवू. पहिली गोष्ट वाऱ्याची. बॅटरी भरून झाल्यावरही तिच्यात वीज जात राहिली, की आतले पाणी फुटून हायड्रोजन आणि प्राणवायू निघतात. हवेत शेकडा ४ भाग हायड्रोजन झाला की ठिणगीने स्फोट होऊ शकतो. एक अँपिअर-तास जादा वीज गेली तर सहा खान्यांच्या बॅटरीतून सुमारे अडीच लिटर हायड्रोजन निघतो. लहान डिकी २०० लिटरांची धरली, तर शेकडा ४ म्हणजे आठ लिटर. गाडीचा रेग्युलेटर बिघडून दहा अँपिअर वीज नुसती पाणी फोडण्यात गेली, तर वीस मिनिटांत तेवढा वायू जमतो! बॉनेटखाली तो वाऱ्याबरोबर निघून जाई. बंद डिकीत तो छताला साचतो. म्हणून मागे बसवायची बॅटरी काचतंतूंच्या गादीत आम्ल शोषून ठेवणारी, एजीएम नावाने मिळते ती, असावी. तिच्यात बहुतेक वायूचे पुन्हा पाणी होते. परंतु अति भरल्यास तिचीही झडप उघडते. म्हणून तिच्या वायुनळीचे टोक पत्र्यातून गाडीबाहेर काढलेच पाहिजे. साधी पातळ आम्लाची बॅटरी असेल, किंवा बॅटरी प्रवाशांच्या कक्षात येत असेल, तर तिला घट्ट झाकणाची पेटी हवी आणि त्या पेटीचा श्वास बाहेर सोडलेला हवा. कित्येक स्पोर्ट्‌स गाड्यांत पेट्रोलची टाकी डिकीलगतच असते. तेथे टाकी आणि बॅटरी यांमध्ये पत्र्याची भिंत नसेल तर ती जागा सोडून द्यावी.

दुसरी गोष्ट बैठकीची. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी धडकून अर्ध्या मीटरात थांबली, तर १५ किलोंची बॅटरी जवळजवळ ३०० किलोंच्या जोराने पुढे झेपावते. तीन क्विंटल ज्वारीची पोती रबरी दोरीने बांधून कोणी ती डोक्यामागे ठेवील काय? एफआयए या आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाच्या शर्यतीच्या नियमांत याचे माप घालून दिलेले आहे. मूळ जागेवरून हलविलेल्या बॅटरीला धातूची बैठक आणि इन्सुलेशन चढविलेल्या दोन धातूच्या पट्ट्या हव्यात. बोल्ट किमान १० मिलिमीटर व्यासाचे हवेत, आणि प्रत्येक बोल्टाखाली पत्र्याच्या खालच्या बाजूने किमान ३ मिलिमीटर जाड व २० चौरस सेंटिमीटरचा तुकडा हवा. हा तुकडा बिनकामाचा वाटतो. पण त्याच्यावाचून बोल्ट तुटत नाही, तो पातळ पत्र्यातून भोक पाडून उपटून येतो. शक्यतो बॅटरी मागच्या आसाच्या जवळ ठेवावी. अगदी टोकाला ठेवल्यास मागून बसलेला पहिला धक्का तीच खाते.

तिसरी गोष्ट वाटेची, म्हणजे तारेची. तार लांबली की वाटेत व्होल्ट गळतात. चार मीटर तांब्याच्या तारेतून २०० अँपिअर प्रवाह नेला, तर १६ चौरस मिलिमीटरच्या तारेत सुमारे ०.८६ व्होल्ट जातात, ३५ च्या तारेत ०.३९, आणि ५० च्या तारेत ०.२८. बारा व्होल्टांतून जवळजवळ एक व्होल्ट वाटेतच गेला, तर थंडीच्या सकाळी स्टार्टर कुंथतो आणि तार तापते. म्हणून ३५ पेक्षा बारीक तार घेऊ नये. तिच्या टोकांची थिंबले पक्कडीने चेपू नयेत, दाबयंत्राने दाबून घ्यावीत. येण्याच्या वाटेइतकीच परतीची वाटही महत्त्वाची. ऋण टोक मागे स्वच्छ घासलेल्या पत्र्याला जोडले तरी पुढे इंजिन रबरावर बसलेले असते. इंजिन आणि सांगाडा यांना जोडणारी जाड पट्टी राहिली नाही, तर सारा प्रवाह क्लचच्या किंवा अ‍ॅक्सिलरेटरच्या तारेतून परतू पाहतो आणि तीच तार लाल होते. धन तार नेताना ती पेट्रोलच्या नळीपासून, धुराड्यापासून आणि आसनाच्या सरकत्या पट्ट्यांपासून दूर ठेवावी. प्रत्येक वितीवर तिला क्लिप हवी. जेथे ती पत्र्यातून पार होते तेथे रबरी ग्रोमेट हवेच हवे. पत्र्याची धार ही सुरीच आहे. गाडीच्या थरथरीने ती रोज थोडी थोडी कापत असते.

चौथी गोष्ट राखणदारांची. बारा व्होल्टांचा धक्का बसत नाही, म्हणून पुष्कळांस ही वीज गरीब गाय वाटते. एका गॅरेजात एका फिटरच्या पान्याचे एक टोक धन खुंटीवर आणि दुसरे पत्र्यावर टेकले. मधे त्याची अंगठी सापडली. क्षणात ती लाल झाली. बोट वाचले, पण त्याची मूठ पुन्हा पुरती वळली नाही. आणि मालकाने ती रजा बिनपगारी धरली. बॅटरीची दोन टोके थेट जुळली की हजार अँपिअरच्या घरात प्रवाह वाहू शकतो, हे त्या गॅरेजच्या भिंतीवर कोठेच लिहिलेले नव्हते. म्हणून नियम असा: काम सुरू करण्यापूर्वी अंगठी आणि घड्याळ काढावे. सोडताना आधी ऋण तार सोडावी, मग धन. जोडताना आधी धन आणि शेवटी ऋण. ऋण सुटली असली म्हणजे पाना पत्र्याला टेकला तरी प्रवाहाला परतीची वाट उरत नाही.

हे झाले कामाच्या वेळेचे. कायमचा राखणदार म्हणजे फ्यूज. बॅटरी पुढे असताना स्टार्टरची तार हातभर होती आणि तिला फ्यूज नसला तरी चालून जाई. आता तीच तार गाडीभर फिरते. म्हणून स्टार्टरचा भार सोसेल, पण तार जळण्यापूर्वी वितळेल, असा मोठा फ्यूज धन खुंटीपासून एका वितीच्या आत बसवावा. तो तारेच्या पुढच्या टोकाला बसविला तर मधली सारी तार उघड्यावर पडली असे समजावे. दुसरा राखणदार म्हणजे मुख्य खटका. तो चालकाला आतून आणि मदतीला आलेल्याला बाहेरून बंद करता आला पाहिजे. मात्र नुसती बॅटरी तोडून भागत नाही. इंजिन चालू असले तर आल्टरनेटर वीज पुरवीतच राहतो, आणि एकाएकी भार तुटल्याने व्होल्ट उसळून गाडीतील यंत्रणाही जळते. म्हणून त्याच खटक्याने प्रज्वलनही बंद झाले पाहिजे.

राहिली पाचवी गोष्ट, पत्त्याची. आम्हांस हीच सर्वांत मोठी वाटते, कारण बाकीच्या चुका मालकाला भोवतात, ही दुसऱ्याला भोवते. अपघातानंतर बचावपथक बॅटरी तोडू पाहते, ते ठिणगी टाळण्यासाठी आणि न फुटलेली हवेची उशी कोणाच्या तोंडावर फुटू नये म्हणून. आजच्या गाड्यांची बचावपत्रके कारखाने काढतात. त्यांत बॅटरीची जागा दाखविलेली असते. जवान ते पाहून बॉनेट उघडतो. तेथे रिकामी बैठक! आत माणूस अडकलेला, खाली पेट्रोल सांडलेले, आणि कापणीयंत्र हातात घेऊन तो जिवंत तार कोठून गेली आहे याचा अंदाज बांधीत उभा. शर्यतीच्या गाडीवर पांढऱ्या कडेच्या निळ्या त्रिकोणात तांबडी वीज काढलेली असते, ती खटक्याची जागा दाखविण्यासाठी. रस्त्यावरच्या गाडीलाही हा शिरस्ता लावण्यास कोणाची हरकत नसावी. जुन्या जागी एक पत्रा ठोकावा, "बॅटरी डिकीत, उजवीकडे". डिकीच्या झाकणाबाहेर एक खूण असावी. आणि तारेचा मार्ग काढलेला एक कागद गाडीच्या कागदपत्रांबरोबर ठेवावा. गाडी पुढे विकली गेली की नव्या मालकाला आणि त्याच्या मिस्त्रीला तोच एक वारसा उपयोगी पडेल.

काम झाल्यावर शंभर-दोनशे किलोमीटरांनी प्रत्येक बोल्ट आणि थिंबल हाताने तपासावे. जे सैल व्हायचे ते बहुधा तेवढ्यात होते. आणि या साऱ्याला एक दिवस जास्त लागतो, हे मालकाने आधीच कबूल करावे. वायुनळी, पत्र्याखालचा तुकडा, ग्रोमेट, फ्यूज, पाटी यांतले काहीही गाडी उभी असताना दिसत नाही, आणि घाई झाली की मजुरीच्या हिशेबातून आधी तेच गळते. म्हणून मिस्त्रीला "किती वेळात करशील?" असे विचारण्याआधी या पाच गोष्टी कागदावर लिहून त्याच्या हाती द्याव्यात, आणि त्या प्रत्येकीची मजुरी ठरवून घ्यावी.