तबकडी रुसली की यंत्र थकले?

गाणी आता मोबाइलवर ऐकली जात असली, तरी अनेक घरांत आणि शाळांच्या कपाटांत सीडींचे डबे अजून शिल्लक आहेत. स्नेहसंमेलनातील नाटक, एखाद्या पाहुण्यांचे व्याख्यान, आजीच्या आवाजातील जात्यावरच्या ओव्या अशी कितीतरी ध्वनिमुद्रणे या तबकड्यांवर उतरवलेली आहेत. पुष्कळदा त्यांची दुसरी प्रत कोठेच नसते. अशी तबकडी यंत्रात घातली आणि ती वाजलीच नाही, तर काय करावे? शेजारची तबकडी मात्र त्याच यंत्रावर खणखणीत वाजते आहे!

अशा वेळी कोणी यंत्र भंगारात देतो, तर कोणी तबकडी केराच्या टोपलीत टाकतो. दोन्ही निर्णय घाईचे आहेत. खरे पाहता 'काही वाजतात, काही वाजत नाहीत' ही तक्रार म्हणजे दोष शोधण्याचा उत्तम धागा होय. सर्वच तबकड्या बंद पडल्या असत्या, तर आपल्याला तुलना करायला काही उरले नसते. मात्र हा धागा पकडण्यासाठी तबकडी वाचली कशी जाते, ते आधी समजून घेतले पाहिजे.

तबकडीत असते काय?

फिलिप्स व सोनी या कंपन्यांनी मिळून १९८० साली सीडीचे प्रमाण ठरवले आणि १९८२ साली जपानमध्ये पहिला सीडी प्लेअर विक्रीला आला. तबकडीचा व्यास १२० मिलिमीटर व जाडी १.२ मिलिमीटर असते. तिचा बहुतेक भाग म्हणजे पॉलिकार्बोनेट नावाचे पारदर्शक प्लॅस्टिक. त्याच्या वरच्या अंगाला अ‍ॅल्युमिनिअमचा अतिशय पातळ आरसा, त्यावर लाखेसारखा संरक्षक लेप आणि लेपावर छापलेले नाव, अशी ही रचना आहे.

प्लॅस्टिकच्या वरच्या पृष्ठावर सूक्ष्म खाचांची एक सर्पिलाकार ओळ असते. ती आतून बाहेर जाते. शेजारच्या दोन वेढ्यांत अंतर असते केवळ १.६ मायक्रोमीटर, म्हणजे एका मिलिमीटरमध्ये ६२५ वेढे! तबकडी उन्हात धरली असता दिसणारे इंद्रधनुष्यी रंग या दाटीमुळेच दिसतात.

आता एक गणित करून पाहा. ध्वनीची नोंद मध्यापासून २५ मिलिमीटरवर सुरू होऊन ५८ मिलिमीटरवर संपते. या पट्ट्याचे क्षेत्रफळ काढा आणि त्याला ०.००१६ मिलिमीटरने भागा. ओळीची लांबी सुमारे ५.४ किलोमीटर येईल. यंत्र ही ओळ सेकंदाला सुमारे १.२ मीटर या वेगाने वाचते. म्हणजे सगळी ओळ वाचायला सुमारे ७४ मिनिटे लागतील. सीडीवर तेवढीच मिनिटे मावतात, हे तुम्हाला ठाऊक असेलच.

प्रकाशाची लेखणी

खाचा वाचण्याचे काम लेसर किरण करतो. त्याची तरंगलांबी ७८० नॅनोमीटर, म्हणजे तो अवरक्त असल्याने डोळ्यांना जवळजवळ दिसत नाही. किरण खालून प्लॅस्टिकमधून शिरतो, आरशावर आदळतो आणि परततो. खाचेवरून आणि तिच्या शेजारच्या सपाट भागावरून परतणाऱ्या तरंगांच्या मार्गांत जवळजवळ अर्ध्या तरंगाचा फरक पडेल, अशी खाचेची खोली ठेवलेली असते. त्यामुळे हे तरंग एकमेकांना मारक ठरतात आणि खाचेपाशी परतणारा प्रकाश मंदावतो. जिथे उजेड बदलतो, म्हणजे खाचेच्या दोन्ही कडांना, यंत्र '१' मानते आणि मधल्या जागेत '०'. या आकड्यांतूनच पुढे आवाज घडतो.

लक्षात ठेवायची गोष्ट ही की, यंत्राला हवा असतो तो परतून येणारा पुरेसा प्रकाश. तो कमी पडला की सारे बिघडते.

पण मग तबकडीवरचा धुळीचा कण प्रकाश अडवत नाही काय? अडवतो, पण फार थोडा. किरण प्लॅस्टिकमध्ये शिरतो त्या ठिकाणी त्याचा ठिपका सुमारे पाऊण मिलिमीटर रुंद असतो. आत जाता जाता तो एकवटतो आणि आरशावर पोहोचेपर्यंत दीड-दोन मायक्रोमीटरचा होतो. पृष्ठावरचा ०.०५ मिलिमीटरचा कण रुंद ठिपक्याच्या दोनशेव्या भागाहूनही कमी जागा झाकतो. खिडकीच्या काचेवर माशी बसली म्हणून समोरचा डोंगर दिसेनासा होत नाही, तसेच हे आहे.

चुकीची दुरुस्ती

तरीही ओरखडे पडतात आणि काही आकडे हरवतातच. त्यासाठी एक नामी युक्ती योजलेली आहे. ७, ४, ९ या आकड्यांबरोबर त्यांची बेरीज २० हीसुद्धा लिहून ठेवली, तर ४ पुसला गेला तरी तुम्ही तो शोधून काढाल. तबकडीवर असेच जादा आकडे लिहिलेले असतात. त्यामागचे गणित रीड व सॉलोमन या गणितज्ञांनी १९६० साली मांडले होते.

पण लागोपाठचे पुष्कळ आकडे एकदम गेले तर? तर ते मुळातच विखरून ठेवायचे. वर्गातील मुलांना एका लांब कवितेची एकेक ओळ पाठ करायला दिली, असे समजा. शेजारच्या ओळी शेजारच्या मुलांना दिल्या आणि एक बाक गैरहजर राहिले, तर एक अख्खे कडवे जाईल. ओळी वर्गभर विखुरल्या असतील, तर प्रत्येक कडव्यातील फार तर एक ओळ जाईल आणि ती संदर्भाने भरून काढता येईल. या युक्तीमुळे ओळीच्या दिशेने सुमारे अडीच मिलिमीटरपर्यंतचा नोंदीचा सलग भाग गेला, तरी यंत्र तो बिनचूक भरून काढते.

मध्यापासून कडेकडे गेलेला बारीक ओरखडा प्रत्येक वेढ्याचा अगदी थोडा भाग खातो. तो सहसा निभावतो. वेढ्यांच्या दिशेने गेलेला दोन सेंटिमीटरचा ओरखडा मात्र एकाच ओळीचा सलग भाग खातो आणि गाणे अडखळते. म्हणूनच तबकडी पुसताना कापड गोल गोल फिरवू नये. मध्यापासून कडेकडे सरळ पुसावे.

तबकड्यांच्या तीन जाती

दिसायला सारख्या असल्या तरी सगळ्या सीडी एका जातीच्या नसतात.

पहिली जात कारखान्यात छापलेल्या तबकडीची. ती पडणाऱ्या प्रकाशापैकी किमान ७० टक्के प्रकाश परत पाठवते.

दुसरी, एकदाच लिहिता येणारी सीडी-आर. हिच्यात खाचा नसून रंगद्रव्याचा थर असतो. लिहिताना लेसरच्या उष्णतेने त्यावर डाग उमटतात. हिचे परावर्तन पहिलीच्या जवळपास असते. पण रंगद्रव्य ऊन व उष्णता यांनी हळूहळू खराब होते.

तिसरी, पुन्हा पुन्हा लिहिता येणारी सीडी-आरडब्ल्यू. ही १९९७ साली आली. तिच्यातील मिश्रधातूचा थर कधी स्फटिकरूप, तर कधी अस्फटिक होतो. हिचे परावर्तन केवळ १५ ते २५ टक्के असते. तिच्यापूर्वी बनलेल्या अनेक यंत्रांना एवढा मंद प्रकाश वाचता येत नाही. इथे बिघाड कशातच नाही, दोघांची केवळ जोडी जुळत नाही.

याशिवाय दोन अडचणी लिखाणाच्या आहेत. घरी लिहिलेल्या तबकडीचे काम 'पूर्ण' केले नसेल, तर तिची अनुक्रमणिका लिहिली जात नाही. यंत्र सर्वांत आधी अनुक्रमणिकाच वाचते. ती सापडली नाही की 'तबकडी नाही' असा निरोप देते. दुसरी अडचण एमपी३ची. ध्वनीच्या साध्या सीडीवर जास्तीत जास्त ९९ गाणी असू शकतात. तुमच्या तबकडीवर दीडशे गाणी असतील, तर ती एमपी३ स्वरूपातच असणार. ही भाषा जुन्या यंत्राला येत नाही.

आता शोध घ्या

वैज्ञानिक पद्धतीचा पहिला नियम असा की, एका वेळी एकच गोष्ट बदलावी. रुसलेली तबकडी दुसऱ्या यंत्रात घाला आणि रुसलेल्या यंत्रात दुसऱ्या तबकड्या घाला. प्रत्येक वेळी काय झाले, ते वहीत लिहा.

१. तीच तबकडी सर्व यंत्रांवर एकाच ठिकाणी अडखळते : दोष तबकडीत आहे. ती पुसा आणि उजेडाकडे धरून पाहा. आरशात टाचणीच्या टोकाएवढी भोके दिसली, तर तिथली नोंद गेलेली आहे. ही भोके बहुधा नावाच्या बाजूने पडतात, कारण त्या बाजूला आरशावर केवळ पातळ लेप असतो. 'खालची चकाकती बाजू जपा' असे सारे सांगतात, पण नाजूक बाजू वरची आहे!

२. छापील तबकड्या वाजतात, पुनर्लेखनाच्या वाजत नाहीत, पूर्वीही कधी वाजल्या नव्हत्या : यंत्राच्या रचनेची ती मर्यादा आहे.

३. पूर्वी वाजणाऱ्या तबकड्यांपैकी आधी पुनर्लेखनाच्या, मग एकदा लिहिलेल्या आणि शेवटी छापीलही रुसू लागल्या : यंत्राला प्रकाश कमी पडतो आहे. भिंगावर धूळ बसली असेल किंवा लेसर क्षीण झाला असेल. मंद परावर्तनाची तबकडी आधी का रुसली, हे आता तुम्हीच सांगाल.

४. संगणकावर उघडते, पण यंत्रावर नाही : लिखाण अपुरे आहे किंवा एमपी३ आहे.

५. पावसाळ्यात थंड खोलीतून आणलेली तबकडी वाजत नाही : तिच्यावर दव धरले असेल. तासाभराने पुन्हा लावून पाहा.

काय करावे, काय टाळावे

तबकडी मऊ, स्वच्छ सुती कापडाने पुसावी. डाग चिकट असेल तर पाण्यात सौम्य साबणाचा एखादा थेंब चालेल. पेट्रोल, थिनर किंवा नखांचा रंग काढण्याचे द्रव कधीही वापरू नये, प्लॅस्टिक पांढुरके पडते. टूथपेस्टने घासून उथळ ओरखडे कमी होऊ शकतात हे खरे, पण ती घासते म्हणजे प्लॅस्टिक झिजवते. एकुलत्या एका प्रतीवर हा प्रयोग करू नये. तबकडीवर कागदी चिठ्ठी चिकटवू नये आणि चिकटवलेली ओढून काढू नये. तिच्याबरोबर आरसाही निघून येतो.

ज्या यंत्राचे झाकण वरून उघडते, त्यात भिंग दिसते. वायर भिंतीतून काढून, रबरी फुग्याच्या पंपाने त्यावर हवा मारावी. तोंडाने फुंकू नये, थुंकीचे थेंब उडतात. भिंग अगदी नाजूक आधारावर तरंगते, ते बोटाने दाबू नये. आणि यंत्राचे कवच उघडून, ते चालू असताना आत कधीही डोकावू नये. अवरक्त किरण दिसत नाही, म्हणून डोळा मिटत नाही, आणि इजा मात्र होते. ते काम दुरुस्ती करणाऱ्या माणसाचे.

तबकडी एकदाची वाजली, मग ती कोणत्याही यंत्रावर वाजो, की पहिले काम म्हणजे तिची प्रत संगणकात उतरवून घेणे. जुन्या सीडी-आरमधील रंगद्रव्य सुट्टीची वाट पाहत नाही. शाळेतील डबा बाहेर काढून एकेका तबकडीची यादी आणि प्रत करणे हा तुमच्या विज्ञान मंडळाला चांगला उपक्रम होईल.

सोडवून पाहा

एका यंत्रावर सर्व तबकड्यांची पहिली गाणी नीट वाजतात, पण शेवटची दोन-तीन अडखळतात. त्याच तबकड्या दुसऱ्या यंत्रावर शेवटपर्यंत वाजतात. दोष कोठे असावा? शेवटची गाणी तबकडीच्या कोणत्या भागात असतात आणि तिथवर लेसरला कोण घेऊन जाते, याचा विचार करा.