खुंट कोणाचा – हाडाचा की जंतूंचा?

१९६५ साली स्वीडनमध्ये ब्रोनेमार्क यांनी माणसाच्या जबड्यात टायटॅनियमचे खुंट रोवून त्यांवर दात बसवले. हाड त्या धातूला एकजीव होते. पण तो हाडापेक्षा सहा-सातपट ताठ. म्हणून आता ‘पीक’ नावाचे बहुवारिक, म्हणजे प्लॅस्टिकच्याच कुळातला पदार्थ, वापरून पाहतात. ते हाडासारखे थोडे लवते. मात्र हाड त्याला धरत नाही. मग तीव्र गंधकाम्लाने त्याच्या पृष्ठावर सूक्ष्म छिद्रे पाडायची, किंवा हाडातलेच खनिज, हायड्रॉक्सिॲपटाइट, वर लेपायचे. पेशींना पाय रोवायला जागा मिळते.

आमच्या मते खरी मेख पुढेच आहे. तोंड म्हणजे जंतूंची धर्मशाळा! खडबडीत जागा त्यांनाही मानवते. अमेरिकेतील ग्रिस्टिना यांनी १९८७ साली याला पेशी आणि जंतू यांची शर्यत म्हटले. आम्ही म्हणू, एस.टी.त ज्याचा रुमाल आधी पडेल त्याची जागा. जंतूंचा थर एकदा जमला की औषध आत पोहोचणे कठीण. पुष्कळदा खुंटच काढावा लागतो. म्हणून लेपात चांदीही घालून पाहतात. पण चांदीची मात्रा जास्त झाली, तर जंतूंबरोबर हाडाच्या पेशीही मरतात.